कॅनव्हासवर छान दिसतंय, पण विंडो ओढून बघितली का? – जावाचा लेआउट मॅनेजर कसा तपासायचा

(भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले जादाचे 'म्हणजे' आणि 'बघा' काढलेत, बाकी जसंच्या तसं. मेथड्सची नावं मी उच्चारली तशीच देवनागरीत ठेवली आहेत.)

००:०० – आजचा प्रश्न

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलामुलींकडून एक प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, नेटबीन्समध्ये फॉर्म डिझाइन करताना एकदम मस्त दिसतो. रन केला आणि विंडो जरा लहानमोठी केली की बटणं इकडेतिकडे पळतात. असं का?" जावाच्या लॅबमध्ये स्विंग शिकलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. मला बीटेकला पडला होता. नोकरीला लागल्यावर कळलं की कॉलेजात हे कुणी नीट शिकवतच नाही. कंपोनंट ओढून कसे टाकायचे ते शिकवतात, टाकलेला फॉर्म तपासायचा कसा ते राहून जातं.

म्हणून आजचा विषय: व्हिज्युअल बिल्डरमध्ये लेआउट मॅनेजर तपासायचा कसा. आणि आजचा एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा: लेआउट म्हणजे चित्र नाही, लेआउट म्हणजे नियम. कॅनव्हासवर तुम्हाला त्या नियमाचं फक्त एक उत्तर दिसतं. तपासायचा असतो तो नियम.

०१:४० – लेआउट मॅनेजर करतो काय?

पंगत आठवा. कार्यालयात पानं मांडणारा माणूस काय करतो? हॉल केवढा, माणसं किती, कुणाला किती जागा लागेल हे बघतो आणि पानं मांडतो. हॉल बदलला तर मांडणी बदलते. लेआउट मॅनेजर हेच करतो. कंटेनर म्हणजे हॉल, आणि बटणं, लेबलं, टेक्स्ट फील्ड ही पाहुणेमंडळी.

प्रत्येक कंपोनंट त्याला तीन मापं सांगू शकतो: किमान, पसंतीचं आणि कमाल. इंग्रजीत मिनिमम, प्रेफर्ड, मॅक्सिमम साइझ. आता गंमत इथे आहे, की कुठला मॅनेजर यातलं काय ऐकतो हे प्रत्येकाचं वेगळं. फ्लोलेआउट पसंतीचं माप जसंच्या तसं देतो. ग्रिडलेआउट कुणाचंच ऐकत नाही, सगळ्यांना सारखे चौकोन वाटतो. बॉर्डरलेआउट वरच्या पट्टीतल्या कंपोनंटची उंची ऐकतो, पण रुंदी मात्र स्वतःच ठरवतो. बॉक्सलेआउट कमाल मापालाही किंमत देतो.

यातले फ्लो, बॉर्डर, ग्रिड आणि ग्रिडबॅग हे १९९६ साली आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. ग्रुपलेआउट मात्र खास व्हिज्युअल बिल्डरसाठी जन्मला. नेटबीन्सचा 'मॅटिस' नावाचा बिल्डर २००६ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर आला, आणि त्याच वर्षीच्या जावा ६ मध्ये ग्रुपलेआउट थेट जावातच समाविष्ट झाला. आज नेटबीन्समध्ये नवा फॉर्म उघडला की 'फ्री डिझाइन' म्हणून जे मिळतं, त्याच्या मागे हाच ग्रुपलेआउट असतो. त्याचा कोड हाताने लिहायचा म्हटलं तर डोकं धरावं लागतं, पण बिल्डरला तो सोपा जातो.

०३:३० – कॅनव्हास म्हणजे प्रोग्राम नव्हे

कॅनव्हासवर दिसणारा फॉर्म आणि चालणारा प्रोग्राम यांत फरक पडायची तीन कारणं आहेत.

पहिलं, कॅनव्हासवर फॉर्म एकाच मापात असतो. दुसरं, तो तुमच्या मशीनवर, तुमच्या फाँटमध्ये, तुमच्या स्क्रीनवर दिसतो. तिसरं कारण फार जणांना माहीत नसतं: तुम्ही जो फॉर्म डिझाइन करताय, त्याचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर बिल्डर चालवतच नाही. तो मूळ क्लास घेतो, म्हणजे जेफ्रेम किंवा जेपॅनेल, आणि डॉट फॉर्म नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये नोंदवलेले कंपोनंट त्यावर मांडतो. त्यामुळे इनिटकंपोनंट्सच्या खाली तुम्ही हाताने चार ओळी लिहून एखादं बटण लपवलं किंवा वाढवलं, तर ते कॅनव्हासवर दिसणार नाही. रन केल्यावरच दिसेल.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी 'प्रिव्ह्यू डिझाइन' बटण, मग खरा रन, मग कोडने केलेली तपासणी. प्रिव्ह्यूमध्ये विंडो खरोखर ओढता येते. फॉर्मवर राइट क्लिक करून वेगवेगळ्या लुक अँड फीलमध्ये प्रिव्ह्यू बघता येतो. फुकट मिळणारी तपासणी आहे, करून टाका.

आता उदाहरणाला एक साधा फॉर्म घेऊ. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक अशी तीन लेबलं, तीन टेक्स्ट फील्ड, आणि खाली दोन बटणं: 'जतन करा' आणि 'रद्द करा'.

०५:०० – चाचणी १: विंडो लहान करा

विंडोचा कोपरा पकडा आणि हळूहळू आत ढकला. फॉर्म ग्रिडबॅगलेआउटमध्ये असेल तर एका क्षणी तिन्ही टेक्स्ट फील्ड अचानक एखाद्या रेघेएवढी बारीक होतात. हळूहळू नाही, एकदम!

कारण ग्रिडबॅगचा नियम तसाच आहे. कंटेनरची रुंदी किंवा उंची पसंतीच्या मापापेक्षा जराही कमी झाली, की तो पसंतीची मापं सोडून देतो आणि सगळ्यांना किमान मापावर आणतो. टेक्स्ट फील्डचं किमान माप अगदीच थोडं असतं. आणि नीट ऐका, 'किंवा' म्हणालो मी. फक्त उंची एक पिक्सेल कमी पडली तरी रुंदी कोसळते. त्यामुळे बघणाऱ्याला कळतच नाही की दोष कुठे आहे.

हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं. एका ग्राहकाच्या नोंदणी काउंटरवरचा असाच फॉर्म मी तपासायला घेतला होता. बनवताना स्क्रीन मोठी, काउंटरवर १३६६ बाय ७६८ चा जुना लॅपटॉप. टास्कबार धरून उंची थोडी कमी पडत होती, आणि मोबाइल क्रमांकाचं फील्ड बोटभरसुद्धा उरलं नव्हतं. काउंटरवरच्या ताई टॅब मारून त्यातच टाइप करायच्या, कारण समोर रांग असायची. टाइप होत होतं, पण काय टाइप झालं ते दिसत नव्हतं. एक आकडा चुकला तर मेसेज भलत्याच माणसाला जाणार आणि ज्याचं काम आहे तो वाट बघत बसणार. प्रोग्रामने कुठलाही एरर दिला नाही. लॉगमध्ये काही नाही. सगळी युनिट टेस्ट हिरवी.

उपाय छोटा आहे. टेक्स्ट फील्डला फिल हॉरिझाँटल आणि वेटएक्स १ द्या. मग किमान मापावर आल्यावरही उरलेली जागा फील्डला मिळते, आणि ते एकदम न कोसळता हळूहळू लहान होतं. शिवाय विंडोला किमान माप ठरवून द्या, म्हणजे कुणी त्याखाली ओढूच शकणार नाही.

हीच चाचणी फ्लोलेआउटवर करा. बटणांची ओळ बॉर्डरलेआउटच्या वरच्या पट्टीत ठेवा आणि विंडो अरुंद करा. शेवटचं बटण दुसऱ्या ओळीत जातं आणि गायब होतं! फ्लोलेआउट पसंतीची उंची सांगताना सगळे कंपोनंट एकाच ओळीत आहेत असं धरतो. बॉर्डरलेआउट तेवढीच उंची देतो. बटण दुसऱ्या ओळीत आहे, पण त्या ओळीला जागाच नाही.

०७:३० – चाचणी २: विंडो मोठी करा

आता विंडो पूर्ण स्क्रीनभर करा. ग्रिडबॅगमध्ये सगळ्यांचा वेट शून्य असेल तर सगळा फॉर्म मधोमध गोळा होतो आणि चारही बाजूंना रिकामं रान. बॉक्सलेआउटमध्ये उभी मांडणी केली असेल तर टेक्स्ट फील्ड उंचीला फुगून बसतं, कारण त्याच्या कमाल उंचीला व्यवहारात मर्यादा नसते. एका ओळीचं फील्ड हातभर उंच दिसतं.

प्रश्न एकच विचारायचा: जास्तीची जागा कुणाला मिळायला हवी? पत्त्याच्या फील्डला मिळाली तर चालेल, 'रद्द करा' बटणाला मिळून उपयोग नाही. हे उत्तर आधी कागदावर लिहा, मग विंडो ओढा. आधी ओढून मग "ठीक दिसतंय" म्हणणं ही तपासणी नाही.

०८:४० – चाचणी ३: मराठी मजकूर टाका

ही माझी सगळ्यात आवडती. आपल्याकडे फॉर्म बहुतेक वेळा आधी इंग्रजीत बनतो आणि मराठी नंतर येते. 'सेव्ह'चं 'जतन करा' होतं, 'युझरनेम'चं 'वापरकर्त्याचे नाव' होतं. उलटही होतं, 'डेट ऑफ बर्थ'ची सुटसुटीत 'जन्मतारीख' होते. म्हणजे मराठी नेहमी लांबच असते असं नाही, पण लांबी बदलते हे नक्की.

लांबीपेक्षा उंचीकडे जास्त बघा. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार येतात आणि खाली उकार. मी लेबलं तपासायला 'मूर्तींकडून' हा शब्द वापरतो. एकाच शब्दात वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली दोन ठिकाणी उकार. कुणी लेबलाची उंची आकडा टाकून पक्की केली असेल तर हा शब्द लगेच पकडून देतो. अनुस्वार कापला जातो किंवा उकाराची शेपटी.

आकडा टाकून माप पक्कं करणं, म्हणजे सेटप्रेफर्डसाइझ, हा आपल्याकडचा लाडका जुगाड. त्या दिवशी फॉर्म सरळ दिसतो. पण कंपोनंट आता मजकुराकडे, फाँटकडे बघून खरं माप सांगत नाही, तुम्ही घोकून घेतलेलं उत्तर देतो. टेक्स्ट फील्डला माप द्यायचंच असेल तर कॉलम्सची संख्या द्या, म्हणजे फाँट बदलला की रुंदीही बदलेल. आणि अॅब्सोल्यूट लेआउट, ज्यात मॅनेजरच नसतो, त्यात तर प्रत्येक कंपोनंट असाच आकड्यांना खिळलेला असतो. तो या चाचणीत टिकणं कठीण.

अजून एक. महाराष्ट्रात उर्दू वाचणारेही पुष्कळ आहेत, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. फॉर्मवर अप्लायकंपोनंटओरिएंटेशन वापरून दिशा उलटी करून बघा. बॉर्डरलेआउटमध्ये 'वेस्ट' लिहिलं असेल तर कंपोनंट डावीकडेच राहतो, 'लाइनस्टार्ट' लिहिलं असेल तर उजवीकडे जातो. उर्दू आवृत्ती काढायची नसली तरी, फॉर्म नियमावर उभा आहे की नजरेच्या अंदाजावर, ते यातून समजतं.

१०:५० – चाचणी ४: दाखवा, लपवा, नवीन घाला

फॉर्म चालू असताना मोबाइल क्रमांकाचं फील्ड लपवा. फ्लो, बॉर्डर आणि ग्रुपलेआउट लपलेल्याला सोडून पुढे जातात, मोकळी जागा भरून निघते. ग्रिडलेआउट मात्र लपलेला कंपोनंटही मोजतो, त्यामुळे तिथे पडलेल्या दातासारखं भोक राहतं.

चालू फॉर्ममध्ये नवीन कंपोनंट घातलात तर रीव्हॅलिडेट आणि रीपेंट बोलावल्याशिवाय तो दिसेलच याची खात्री नाही. आणि बॉर्डरलेआउटच्या मधल्या जागेत दोन कंपोनंट घातले तर मांडला जातो तो फक्त शेवटचा. पहिला कंटेनरमध्ये असतो, पण त्याला कुणी जागा देत नाही. एरर नाही, काही नाही.

११:४० – चाचणी ५: स्क्रीन आणि रूप बदला

मेटल, निंबस, विंडोज अशा लुक अँड फीलमध्ये बटणांच्या आतली मोकळी जागा वेगवेगळी असते, त्यामुळे पसंतीची मापंही वेगळी. निदान दोन लुक अँड फीलमध्ये फॉर्म उघडून बघा.

मग स्केलिंग. विंडोज लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग अगदी सर्रास असतं. २०१७ च्या जावा ९ पासून विंडोज आणि लिनक्सवर जावा हे स्केलिंग समजून घेतो. तुमच्या स्क्रीनवर तपासायला 'सन डॉट जावाटूडी डॉट यूआयस्केल' ही प्रॉपर्टी १.५ देऊन प्रोग्राम चालवा. मोठ्या स्केलवर फॉर्म स्क्रीनबाहेर गेला आणि 'जतन करा' टास्कबारखाली गेलं, तर ते आजच कळलेलं बरं.

फॉर्मच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फॉर्म साइझ पॉलिसी' असते. तिथे पॅक ठेवा. पॅक म्हणजे आतल्या सगळ्यांची पसंतीची मापं विचारून विंडो तेवढी करणं. त्याऐवजी आकड्यांनी माप दिलं, तर मराठी मजकूर आला तरी विंडो जुन्याच मापाची राहते.

१२:५० – हाताने किती वेळा करणार? कोडने तपासा

प्रत्येक बदलानंतर विंडो ओढत बसायला कुणाकडे वेळ आहे? म्हणून यातलं बरंचसं जेयुनिटवर सोपवा.

पद्धत अशी. फॉर्मचा मजकूर जेफ्रेममध्ये न ठेवता जेपॅनेलमध्ये ठेवा. जेपॅनेल स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवरही बनतो, जेफ्रेम तिथे हेडलेस एक्सेप्शन फेकतो. पॅनेलला सेटसाइझने माप द्या, डूलेआउट बोलवा, आणि मग प्रत्येक कंपोनंटला गेटबाउंड्स विचारा.

इथे दोन खाचखळगे आहेत. व्हॅलिडेट वापरलंत तर काहीच होणार नाही, कारण पॅनेल अजून खऱ्या विंडोत नाही, आणि अशा वेळी व्हॅलिडेट गप्प परत येतं. आणि डूलेआउट फक्त स्वतःच्या थेट मुलांना मांडतं, नातवंडांना नाही. पॅनेलात पॅनेल असेल तर बाहेरून आत एकेकाला डूलेआउट बोलवणारी छोटी मेथड लिहा.

मग तपासायचं काय? नेमके पिक्सेल तपासू नका. सर्व्हरवर फाँट वेगळे असतात, देवनागरीचा फाँट कदाचित नसेलही. आकडे जुळणार नाहीत आणि टेस्ट उगाच लाल होईल. नाती तपासा:

– दिसायला हवा असलेला कुठलाही कंपोनंट पॅनेलच्या बाहेर जात नाही.
– कुठलेही दोन शेजारी एकमेकांवर चढत नाहीत.
– कुणाचीही रुंदी किंवा उंची शून्य नाही.
– पसंतीच्या मापात लेबल आणि बटणाला त्याच्या पसंतीइतकी जागा मिळते.
– विंडो मोठी केली की पत्त्याचं फील्ड रुंद होतं, बटण होत नाही.

हे सगळं पाच-सहा मापांवर फिरवा: पसंतीचं माप, त्यापेक्षा एक पिक्सेल कमी, तुम्ही ठरवलेलं किमान माप, छोट्या लॅपटॉपची स्क्रीन, मोठा मॉनिटर. 'एक पिक्सेल कमी' विसरू नका, ग्रिडबॅग तिथेच पकडला जातो. मग हीच मापं लांबलचक मजकुरासह पुन्हा: प्रत्येक लेबल दीडपट लांब करणारी एक छोटी मेथड लिहिली की झालं.

स्वतःचा लेआउट मॅनेजर लिहिला असेल तर आणखी थोडं काम. लेआउटमॅनेजर या इंटरफेसमध्ये पाचच मेथड्स आहेत, त्यातल्या प्रेफर्डलेआउटसाइझ, मिनिममलेआउटसाइझ आणि लेआउटकंटेनर या तीन खऱ्या महत्त्वाच्या. एकही कंपोनंट नसलेलं पॅनेल द्या, कोसळायला नको. बॉर्डर असलेलं पॅनेल द्या, कडेची जागा, म्हणजे इनसेट्स, वजा व्हायला हवी. आणि लेआउटकंटेनर लागोपाठ दोनदा बोलवा. माप बदललं नसेल तर दुसऱ्यांदा काहीही हलता कामा नये. हललं, तर तुमचा मॅनेजर मागचं उत्तर बघून पुढचं ठरवतोय, आणि विंडो ओढताना कंपोनंट थरथरताना दिसतील.

१५:०० – फोनवर काय?

"दादा, आता स्विंग कोण वापरतं, आम्ही अँड्रॉइड करतो," असं काही जण म्हणतील. अरे, नावं बदलली, गणित तेच. लिनिअरलेआउटमधला वेट म्हणजे ग्रिडबॅगच्या वेटचा चुलतभाऊ. कन्स्ट्रेंटलेआउटही व्हिज्युअल एडिटरमध्ये ओढून बनवता येईल अशा बेताने आला, मॅटिससारखाच. आणि अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. तुमच्या आजीच्या फोनवर ती मोठीच असतात. तुमच्या अॅपमधलं 'पुढे चला' बटण तिथे दिसतं का?

म्हणून आजचा गृहपाठ. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचं माप सगळ्यात मोठं करा, भाषा मराठी करा आणि रोजची तीन अॅप्स उघडा. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर 'फोर्स आरटीएल लेआउट डायरेक्शन' हेही करून बघा. कुठे मजकूर कापला जातोय, कुठलं बटण स्क्रीनबाहेर गेलंय, त्याचे स्क्रीनशॉट काढा. स्वतःचा फॉर्म असेल तर त्यात 'मूर्तींकडून' टाइप करा.

काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. फक्त "नीट दिसत नाही" असं नको. कुठलं माप, कुठली भाषा, कुठला कंपोनंट, एवढं सांगा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन फॉर्म घेऊन दुरुस्त करू. तोवर कॉलेजच्या ग्रुपवर हा भाग टाका, विशेषतः ज्यांचं जावाचं सबमिशन जवळ आलंय त्यांना. भेटूच!